कोयना नदीचें वळण

पाणी उताराकडे धांवतें, हें आपण लहानपणापासून पाहत आलों आहों. मग अरबी समुद्रापासून थोडक्याच अंतरावर उगम पावणारी कोयना त्या समुद्राकडे पाठ कां फिरविते? ह्याचा आज आपण विचार करूं.

महाबळेश्वराचें पठार समुद्रसपाटीपासून सुमारें १,३५० मीटर उंच आहे. त्याचा माथा जांभ्या दगडाचा असून खालीं काळ्या पाषाणाचे थरावर थर आहेत. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं भूमींतून वाहून आलेला तप्त रस थिजून ते बनले. ह्याच पठारावर कोयना उगम पावते. पश्चिमेस सह्याद्रीची मुख्य धार व पूर्वेस बामणोलीची रांग, अशा दोन भिंतींमध्यें सांपडल्यामुळें ती सुमारें ६५ किलोमीटर दक्षिणेकडे वाहते. हेळवाकाजवळ ती पूर्वेस वळते व कऱ्हाड येथें कृष्णेस मिळते. तेथून तें पाणी हजारांहून अधिक किलोमीटर चालून बंगालच्या उपसागरास पोंचतें.

समुद्रावरील ढग सह्याद्री चढतांना थंड होतात व तेथेंच रिते होतात. म्हणून महाबळेश्वरीं वर्षास पांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो; त्याच सातारा जिल्ह्यांतील माण तालुक्यांत त्याचा सुमारें दहावा हिस्साच पडतो.

१९६४ सालीं कोयनेवर १०३ मीटर उंचीचें धरण पुरें झालें. त्यांतील पुष्कळसें पाणी बोगद्यांतून पश्चिमेस नेऊन डोंगराखालीं सोडतात. त्या पाताच्या जोरावर वीज उत्पन्न होते, व पुढें तें पाणी वाशिष्ठी नदीवाटे अरबी समुद्रास मिळतें. डोंगरानें जी वाट अडविली, ती मनुष्यानें उघडली.

परंतु ह्या लाभाचा भार कोणीं वाहिला? खोऱ्यांतील अनेक गांवें पाण्याखालीं गेलीं. लोकांना घरेंदारें सोडून दूरच्या जिल्ह्यांत जावें लागलें, आणि पुष्कळांचे जमिनीचे प्रश्न पुढें कित्येक वर्षें सुटले नाहींत. ११ डिसेंबर १९६७ रोजीं पहाटेस भूकंप होऊन सुमारें १८० माणसें मृत्यु पावलीं. जलाशयाच्या भारामुळें व खोल झिरपलेल्या पाण्यामुळें भूगर्भांतील जुन्या भेगा हालल्या असाव्यात, असें बहुतेक भूशास्त्रज्ञांचें मत आहे.

शिक्षकांस आमची विनंति आहे कीं, त्यांनीं मुलांकडून आधीं आपल्या गांवच्या ओढ्याची वाट नकाशावर काढवावी, मग कोयनेची. आणि शेवटीं विचारावें : आपल्या घरीं दिवा लागतो, तेव्हां कोणाचें शेत पाण्याखालीं असतें?