कासवाच्या पिलाचें घर

कासव म्हणतांच काचेचा हौद कित्येकांच्या डोळ्यांपुढें उभा राहतो. परंतु पाण्यांतील कासव व भूचर कासव यांच्या गरजा अगदीं भिन्न असून, भूचर कासवाचें पिलूं भरल्या हौदांत बुडून मरतें.

प्रथम, कोणतें कासव पाळण्याचा आपणांस अधिकार आहे हें पाहिलें पाहिजे. विदर्भांतील तळ्यांनाल्यांत आढळणारें मऊ पाठीचें कासव, तसेंच चोरून विकलें जाणारें, पाठीवर पिवळ्या चांदण्यांचें तारा कासव, हीं दोन्हीं वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वयें संरक्षित आहेत. तीं घरीं ठेवणें हा गुन्हा होय. तारा कासवाचा आंतरराष्ट्रीय व्यापारही २०१९ सालीं निषिद्ध झाला. तेव्हां पावसाळ्यांत वाटेवर पिलूं दिसल्यास तें दप्तरांत घालून आणूं नये, वनखात्यास कळवावें. ज्यांच्याकडे आफ्रिकेंतील सुलकाटा जातीचें कासव असेल, त्यांनींही त्याची सरकारदरबारीं रीतसर नोंद केलेली असली पाहिजे. पुढील विवेचन अशांकरितांच आहे.

पिलास रुंद, बसकी लांकडी पेटी उत्तम. लांबी चार फूट व रुंदी दोन फूट तरी असावी. मांजर व कावळा यांच्यापासून रक्षणार्थ वर जाळी हवी. काचेची भिंत ही अडथळा आहे हें कासवास उमगत नाहीं. तें दिवसभर तिला ढुसण्या देत राहतें. शिवाय खिडकीच्या काचेंतून आलेलें ऊन त्याच्या कामाचें नाहीं. सूर्यप्रकाशांतील ज्या अदृश्य किरणांनीं अंगांत ड जीवनसत्त्व तयार होतें, ते काच अडवून धरते. मग चुना अंगीं लागत नाहीं व कवच मऊ पडतें. म्हणून पिलास सकाळचें कोंवळें ऊन प्रत्यक्ष मिळावें, अथवा त्या किरणांचा खास दिवा लावावा.

पेटीचें एक टोंक दिव्यानें ३२ ते ३५ अंश (सेल्सियस) उबदार ठेवावें व दुसरें थंड. कारण कासव आपली उष्णता जागा बदलूनच राखतें. आपल्या मालेगावांत (अर्थात् वाशीम जिल्ह्यांतील, नाशिककडील नव्हे) वैशाखांत पारा चाळिशी ओलांडतो. अशा दिवसांत टिनाच्या छपराखालीं ठेवलेली पेटी म्हणजे भट्टीच.

वाळवंटी प्राणी म्हणून पिलास कोरडें ठेवावें, हा समज मात्र घातक आहे. व्हिएन्ना येथील संशोधकांनीं सुलकाटाच्या पिलांवर केलेला अभ्यास २००३ सालीं प्रसिद्ध झाला. कोरड्या हवेंत वाढलेल्या पिलांच्या पाठीवर अधिक उंच टेंगळें आलीं. यास्तव तळाशीं चार-पांच बोटें ओलसर माती घालावी, एका कोपऱ्यांत पालथें फुटकें मडकें ठेवावें, आणि हनुवटी बुडेल इतक्याच पाण्याची पसरट थाळी असावी. मातींत तोंड खुपसणें हा त्याचा स्वभावच. इंग्लंडांतील निसर्गलेखक गिल्बर्ट व्हाइट यानें १७८० सालीं आपल्या बागेंत आणलेलें टिमोथी नांवाचें कासव तर सारा हिंवाळा जमिनींत पुरून घेऊन काढी. सुलकाटा मात्र अशी हिंवाळी झोंप घेत नाहीं. पौषांतील रात्रीं पेटी उबेला घ्यावी लागते.

ही पेटी कांहीं काळच पुरते. मुठींत मावणारें हें पिलूं पुढें चाळीस किलोंचेंही होतें, आणि मग त्यास अंगणच लागतें.