नैऋत्येची टाकी

आमच्या गच्चीची पाहणी करायला सोलरवाला आला तो मे महिन्यात, भर दुपारी. टेप लावली, फोटो काढले आणि म्हणाला, "वहिनी, सावलीचं नाव नाही. तीन किलोवॅट आरामात बसतंय." खोटं बोलत नव्हता बिचारा. सोलापुरात मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य दुपारी अगदी डोक्यावर येतो, काठी उभी केली तर तिचीसुद्धा सावली पडत नाही. तेव्हा टाकीची कुठून दिसणार?

ती दिसली डिसेंबरात, कपडे वाळत घालायला गेले तेव्हा. त्या दिवसांत सूर्य दक्षिणेला इतका कलतो, की मध्यान्हीलाही तो क्षितिजापासून ४९ अंशांच्या वर चढत नाही आणि दुपारनंतर नैऋत्येकडे सरकतो. आता आपल्याकडे गच्चीवरची टाकी कुठे असते ते आठवा. वास्तूवाल्यांनी सांगितलेल्या नैऋत्य कोपऱ्यात, वर चौथऱ्यावर! आठ फूट उंचीच्या टाकीची सावली डिसेंबरात चारच्या सुमाराला अठरा-एकोणीस फुटांपर्यंत जाते. आमच्या सहापैकी दोन प्लेटा तिच्या खाली.

दोनच तर आहेत, असं वाटतं. पण सगळ्या प्लेटा एकीला एक जोडून माळ केलेली असते आणि सगळ्यांतून एकच प्रवाह वाहतो. एक अडली की बाकीच्यांनाही अडवते. प्लेटेतले डायोड सावलीतला भाग वगळून प्रवाह पुढे जाऊ देतात, पण तेवढ्या भागाची वीज गेली ती गेलीच. मोबाइलवरच्या ॲपमध्ये आलेख दुपारी एकदम खाली बसायचा. एका किलोवॅटमागे दिवसाला सरासरी चार युनिटं धरतात, म्हणजे आमची बारा व्हायला हवीत. आकाश निरभ्र असूनही आठ-नऊवर गाडी अडायची.

टाकी उत्तरेला हलवू म्हटलं, तर सासूबाईंनी "घर बांधलं तेव्हापासून तिथे आहे" एवढंच म्हटलं आणि विषय संपला. मग दोन प्लेटा पूर्वेकडे नेल्या. तिथे स्लॅबला भोकं पाडून बोल्ट मारले आणि पावसाळ्यात जिन्याच्या छताला ओल आली. सोलरवाला म्हणे गळती जुनी आहे, गवंडी म्हणे बोल्टची आहे. शेवटी वॉटरप्रूफिंगचा खर्च आमच्याच माथी.

म्हणून कुणी विचारलं तर पहिली गोष्ट सांगते: पाहणी उन्हाळ्यात झाली असेल, तर २२ डिसेंबरच्या सावलीचा हिशेब कागदावर मागा. सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चार, तिन्ही वेळांचा. शेजाऱ्यांचा नारळ, जिन्याची खोली, डिश, सगळं त्यात धरायला लावा. शेजारचा प्लॉट मोकळा असेल तर तिथे उद्या मजले चढणार हेही लक्षात घ्या. स्ट्रक्चर शक्यतो सिमेंटच्या ठोकळ्यांवर घ्या, पण वळवाच्या वाऱ्यात ते उडणार नाही एवढं वजन हवं. भोकं पाडायचीच असतील तर गळतीची जबाबदारी कुणाची, ते करारात आधी लिहून घ्या.

सोलापूरचं ऊन म्हणजे वीजच वीज, हाही एक गोड गैरसमज. प्लेटेची क्षमता २५ अंश तापमानाला मोजलेली असते. त्यापुढे प्रत्येक अंशाला साधारण एक तृतीयांश टक्का वीज घटते. एप्रिलात आमच्या प्लेटेवर हात ठेववत नाही. म्हणून प्लेटांखालून वारा खेळायला जागा ठेवतात. पत्र्याला चिकटवून बसवू नका.

आणि लाईट गेली की सोलरही बंद पडतं, भर उन्हात. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या घरातून शॉक बसू नये म्हणून इन्व्हर्टर स्वतःच थांबतो. हे आम्हाला आधी कुणी सांगितलं नव्हतं. पाहुणे आलेले, पंखे बंद आणि आमचे हे वरच्या प्लेटांकडे बघत उभे! बॅटरीची जोड हवी असेल तर ती सुरुवातीलाच ठरवा.

पैशांचं थोडक्यात. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० असं मिळून जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान आहे, आणि ते थेट ग्राहकाच्या खात्यात येतं. "वजा करूनच सांगतोय" म्हणणाऱ्याकडून पूर्ण रकमेचं दरपत्रक मागा. बिल अजून वारलेल्या सासऱ्यांच्या नावावर असेल, तर आधी ते नाव बदलून घ्या, नाहीतर अर्ज तिथेच अडतो. जाहिरातीत शून्य बिल लिहिलेलं असलं तरी स्थिर आकार भरावाच लागतो.

प्लेटा धुण्याचं काम घरातल्या कुणाकडे तरी नेमून द्या. बोअरच्या क्षाराच्या पाण्याने पांढरे डाग धरतात, म्हणून नळाचं पाणी आणि मऊ फडकं वापरा. तेही सकाळी लवकर. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतलं तर ती तडकू शकते.