नोंदलेला दस्त आणि खरी मालकी

पुण्यात वडिलांनी १९६८ साली बांधलेला एक छोटा बंगला आहे, मुलगा नोकरीच्या निमित्ताने इंदूरला गेला आणि निवृत्तीनंतर तेथेच स्थायिक झाला, बंगल्याला वर्षातील दहा महिने कुलूप असते, असे कल्पून पाहू. गणपतीपूर्वी साफसफाईसाठी मुलगा पुण्यास येतो तेव्हा फाटकावर एका बँकेची ताबा-नोटीस चिकटवलेली असते. नोटिशीत कर्जदार म्हणून ज्या गृहस्थाचे नाव आहे, त्याला त्याने आयुष्यात कधी पाहिलेले नाही. त्याने कर्ज घेतलेले नाही, घर विकलेले नाही, कोणत्याही कागदावर सही केलेली नाही. तरीही दुय्यम निबंधकाच्या दप्तरात त्या घराचे रीतसर नोंदलेले खरेदीखत आहे, मिळकत पत्रिकेवर नव्या मालकाचे नाव चढलेले आहे आणि बँकेच्या तिजोरीत तारणाची कागदपत्रे आहेत.

उदाहरण काल्पनिक असले, तरी त्यातील एकही पायरी असंभवनीय नाही. सर्व कागद ‘रीतसर’ असताना असे घडू कसे शकते, याचे उत्तर आपल्याकडील नोंदणी पद्धतीच्या स्वरूपातच दडलेले आहे.

खरेदीखत नोंदले की मालकी सिद्ध झाली, असा सर्वसाधारण समज आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५४ नुसार शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदलेल्या दस्तानेच होऊ शकते, हे खरे. परंतु नोंदणी अधिनियम, १९०८ अन्वये नोंदणी होते ती दस्ताची, मालकीची नव्हे. दस्त करून देणारा समक्ष हजर आहे, त्याची ओळख पटवण्यात आली आहे, दस्त आपणच करून दिल्याचे तो मान्य करतो आणि मुद्रांक शुल्क भरलेले आहे, एवढे निबंधक पाहतो. विकणाऱ्याकडे मुळात विकण्याजोगा हक्क आहे काय, याचा निवाडा करणे हे त्याचे काम नाही. तामिळनाडूतील एका नियमाने मूळ मालकीचे कागद दाखवल्याखेरीज नोंदणी नाकारण्याची मुभा अधिकाऱ्याला दिली होती. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नियम मूळ अधिनियमाशी विसंगत म्हणून रद्दबातल ठरवला. ज्याच्याकडे हक्क नाही, त्याने लिहून दिलेल्या दस्ताने खरेदीदारालाही हक्क मिळत नाही, हे तत्त्व त्यामुळे अबाधित राहते. मात्र तो दस्त दप्तरात नोंदलेला असतोच आणि पाहणाऱ्याला खराच वाटतो.

सातबारा उतारा आणि मिळकत पत्रिका यांचेही तसेच आहे. या नोंदी प्रामुख्याने महसुलाच्या सोयीसाठी ठेवल्या जातात. विरुद्ध पुरावा येईपर्यंत त्या खऱ्या मानल्या जातात, पण त्यांतून मालकी निर्माण होत नाही. फेरफार नोंदवून घेतला म्हणजे मिळकत पक्की झाली, असे मानणाऱ्यांची आणि फेरफाराकडे दुर्लक्ष केले तरी काही बिघडत नाही, असे मानणाऱ्यांचीही संख्या मोठी आहे. दोन्ही समजुती सारख्याच महागात पडतात.

इंदूरच्या त्या मुलाचे नेमके हेच झाले. वडील १९९९ साली वारले; परंतु मिळकत पत्रिकेवर त्यांचेच नाव राहिले. भावंडांत वाद नव्हता, म्हणून वारसनोंदीची घाईही नव्हती. दप्तरात मृत व्यक्तीचे नाव आणि जागेवर बंद दार, हे फसवणूक करणाऱ्याच्या दृष्टीने उत्तम लक्ष्य होय. अशा वेळी तीन मार्ग प्रामुख्याने वापरले जातात. पहिला, मालकाच्या नावाचा तोतया उभा करणे. दुसरा, बनावट कुलमुखत्यारपत्र तयार करून ‘मालकातर्फे’ विक्री करणे. तिसरा, खोटे मृत्युपत्र वा वारस प्रतिज्ञापत्र पुढे आणणे. २००१ मध्ये नोंदणी अधिनियमात कलम ३२-अ घालण्यात आले आणि दस्तावर पक्षकारांचे छायाचित्र व बोटांचे ठसे आवश्यक झाले. यामुळे कोण हजर होता याचा पुरावा उरतो आणि पुढे तपासात तो फार उपयोगी पडतो. परंतु हजर झालेला माणूस खरोखर तोच होता काय, हे ठसा स्वतः सांगत नाही.

या प्रकाराचे मोठे आणि बोलके उदाहरण गोव्यातील आहे. तेथील अनेक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या मुंबई, पोर्तुगाल, इंग्लंड येथे गेलेली. मागे जुनी घरे आणि बागायती उरलेल्या. मालक हयात नाहीत, वारस दूर देशी आणि मूळ दस्त पोर्तुगीज भाषेत, त्यामुळे ते वाचू शकणारेही मोजके. अशा मिळकतींवर बनावट जुन्या दस्तांच्या आधारे हक्क सांगितले जात असल्याच्या तक्रारी वाढल्यावर राज्य शासनाने जून २०२२ मध्ये विशेष तपास पथक नेमले आणि त्यानंतर निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा एकसदस्यीय आयोगही स्थापन केला. शासकीय दप्तरातील जुन्या नोंदींतच खोटे कागद घुसवल्याचे आरोप या प्रकरणांत झाले. चोराने घराचे कुलूप तोडण्याऐवजी दप्तरातले पान बदलावे, हा प्रकार सामान्य घरमालकाच्या कल्पनेपलीकडचा आहे.

घरमालकाने काय करावे

सर्वप्रथम दप्तरातील नाव हयात व्यक्तीचे असावे. मृत्यूनंतर वारसनोंद विनाविलंब करून घ्यावी. सदनिका असल्यास गृहनिर्माण संस्थेच्या नोंदवहीत व भाग प्रमाणपत्रावरही ती व्हावी. येथे एक गोष्ट वारंवार विसरली जाते. नामनिर्देशित व्यक्ती म्हणजे मालक नव्हे. संस्थेने तिच्या नावे सभासदत्व दिले, तरी वारसांचे हक्क कायम राहतात.

दुसरी गोष्ट म्हणजे वर्षातून एकदा तरी दप्तर पाहणे. महाराष्ट्रात नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर सूची क्रमांक दोन, म्हणजे सर्वांच्या बोलीतील ‘इंडेक्स टू’, घरबसल्या शोधता येते आणि आपल्या मिळकतीवर एखादा अनोळखी दस्त नोंदला गेला आहे काय हे कळू शकते. कर्नाटक, तेलंगणा, तामिळनाडू येथे यासाठी बोजा प्रमाणपत्र मिळते. बेळगाव वा हैदराबाद येथे घर असलेल्या मराठी कुटुंबांनी त्याची सवय लावून घ्यावी. महाराष्ट्रात फेरफार प्रमाणित होण्यापूर्वी हितसंबंधितांना नोटीस काढून हरकतीसाठी साधारणतः पंधरा दिवसांची मुदत देण्यात येते. ‘आपली चावडी’ या संकेतस्थळावरही फेरफाराच्या अशा नोटिसा पाहावयास मिळतात. बंगल्याच्या टपालपेटीत पडलेली हीच नोटीस इंदूरच्या मुलाला वेळेत मिळती, तर प्रकरण तेथेच थांबण्याचा संभव होता. बंद घराचे टपाल उचलणारा एक विश्वासू शेजारी म्हणूनच अनमोल ठरतो.

कुलमुखत्यारपत्र देताना ते विशिष्ट कामापुरते द्यावे आणि काम संपताच नोंदणीकृत दस्ताने रद्द करून संबंधितांस लेखी कळवावे. सामान्यतः देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर ते संपुष्टात येते. तरीही मृत्यूनंतर ते वापरले गेल्याची प्रकरणे न्यायालयांत येतच असतात. केवळ कुलमुखत्यारपत्र, विक्रीचा करार आणि मृत्युपत्र या त्रिकुटाच्या बळावर घराची मालकी मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सूरज लॅम्प प्रकरणात ऑक्टोबर २०११ मध्ये निःसंदिग्धपणे सांगितले आहे.

गृहकर्ज फिटल्यावर मूळ कागदपत्रे परत घेण्यास अनेकजण आळस करतात. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२३ मध्ये काढलेल्या व १ डिसेंबर २०२३ पासून लागू झालेल्या निर्देशांनुसार, कर्ज पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांच्या आत बँकेने मूळ दस्तऐवज परत करून बोजा काढणे बंधनकारक आहे. बँकेमुळे विलंब झाल्यास प्रत्येक दिवसामागे ५,००० रुपये भरपाई ग्राहकास द्यावी लागते. कागद मिळाले की त्यांची यादीनुसार मोजणी करावी आणि छायाप्रती कोणाही मध्यस्थाच्या हाती सहजासहजी देऊ नयेत.

बँकेच्या टेबलाच्या पलीकडे

या कथेत बँकही फसवली गेलेली आहे, आणि म्हणूनच तिच्या कर्मचाऱ्यांची जबाबदारी कमी होत नाही. रंगीत छायाप्रत मूळ दस्त म्हणून ठेवून एकाच घरावर दोन-तीन बँकांकडून कर्ज काढण्याच्या प्रकारांना आळा बसावा म्हणून २०११ मध्ये ‘सरसाई’ ही केंद्रीय नोंदणी यंत्रणा सुरू झाली. २४ जानेवारी २०२० पासून तर तेथे तारण नोंदवल्याखेरीज बँकेला सरफेसी अधिनियमान्वये वसुलीचे अधिकार वापरता येत नाहीत. शुल्क भरून कोणाही नागरिकाला तेथे शोध घेता येतो. ही सोय फार थोड्या घरमालकांना ठाऊक आहे.

तथापि, ‘सरसाई’ केवळ बोजा दाखवते. विकणारा खरा की तोतया, हे तिला कळत नाही. पाच कोटी रुपये व त्यावरील कर्जांच्या बाबतीत मालकीच्या कागदांची ठरावीक काळाने पुनर्तपासणी करण्याचे बंधन बँकांवर आहे. सर्वसाधारण गृहकर्ज त्या मर्यादेत येत नसल्याने कर्जमंजुरीच्या वेळची तपासणी हीच बहुधा पहिली आणि शेवटची ठरते. वकिलाने तीस वर्षांचा शोध अहवाल देताना अर्जदाराने आणलेल्या प्रतीवर विसंबून न राहता निबंधक कार्यालयातून प्रमाणित प्रत स्वतः घेऊन ती मूळ दस्ताशी ताडून पाहावी. जागेची पाहणी म्हणजे मोजमाप आणि छायाचित्र एवढेच नव्हे. शेजारच्या दारावर टकटक करून ‘हे घर कोणाचे?’ असे विचारण्यास दोन मिनिटे लागतात. पुण्याच्या त्या बंगल्याच्या बाबतीत हा एक प्रश्न विचारला गेला असता, तर कर्ज मंजूर होणे कठीण होते.

फसवणूक उघडकीस आल्यावर दिवस मोजूनच हालचाल करावी लागते. ताबा-नोटिशीविरुद्ध कर्ज वसुली न्यायाधिकरणाकडे अर्ज करण्याची मुदत ४५ दिवसांची आहे आणि कर्जदार नसलेली बाधित व्यक्तीही तो करू शकते. मालकीचा प्रश्न मात्र दिवाणी न्यायालयच ठरवू शकते, न्यायाधिकरण नव्हे, असे जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे. बनावट दस्त रद्द करून घेण्यासाठी तो कळल्यापासून तीन वर्षांत दावा लावावा लागतो. महाराष्ट्रात व गुजरातमध्ये प्रलंबित दाव्याची नोटीस निबंधकाकडे नोंदवणे अत्यावश्यक आहे. तसे न केल्यास दावा चालू असताना मिळकत विकत घेणाऱ्यावर त्या दाव्याचे बंधन येत नाही. याच्या जोडीला पोलिसांकडे तक्रार, फेरफाराविरुद्ध अपील आणि संबंधित बँकेस मूळ दस्ताच्या प्रतीसह लेखी पत्र ही कामे त्याच आठवड्यात व्हावयास हवीत.

इंदूरच्या मुलाजवळ एक जमेची बाजू होती. वडिलांनी जागेचे मूळ खरेदीखत, बांधकाम परवानगी आणि घरपट्टीच्या जुन्या पावत्या एका पत्र्याच्या पेटीत क्रमाने लावून ठेवल्या होत्या. बँकेपुढे तोतयाने ठेवलेल्या ‘मूळ’ खरेदीखताशेजारी ते खरेदीखत ठेवले, तेव्हा शिक्क्यांतील फरक साध्या डोळ्यांनाही दिसत होता.