संचालक मंडळाचा ठराव आधी मागा

आमच्या संस्थेने सहकार्य केलं नाही म्हणून निधी दुसरीकडे वळवावा लागला, असं आम्हाला पैसे देऊ केलेली एक कंपनी आता जिल्हाभर सांगते. आमच्याच काही विश्वस्तांनाही ते पटलंय. म्हणून हे लिहिते आहे.

प्रकल्प साधा होता: बिबट्यांसाठी नवे पिंजरे आणि एक उपचार कक्ष. ऊसतोडणी सुरू झाली की फडात पिल्लं सापडतात. वनखातं आधी आईशी गाठ घालून देण्याचा प्रयत्न करतं. नाही जमलं तर फोन आमच्याकडे येतो, आणि जागा नाही म्हणून त्या पिल्लाला नाकारायचं कसं? कंपनीच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारी निधी) मॅनेजरनी येऊन सगळं पाहिलं, प्रस्ताव घेतला, अंदाजपत्रक पुन्हा पुन्हा बदलून घेतलं. गणपतीच्या सुमारास त्यांचा ईमेल आला: प्रकल्प तत्त्वतः मंजूर आहे, तयारीला लागा. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने मंजूर केलेल्या आराखड्याबाहेर आम्हाला पिंजरा बांधता येत नाही, त्यामुळे त्याची कागदपत्रं केली. ठेकेदाराला विश्वस्तांनी गंगाजळीतून उचल दिली.

फेब्रुवारीत दुसरा ईमेल आला, सोबत मागण्यांची यादी. प्रत्येक पिंजऱ्यावर कंपनीचा लोगो. प्रवेशद्वाराशी त्यांच्या नव्या उत्पादनाचा फलक. कर्मचाऱ्यांच्या कुटुंबांसाठी राखीव रविवार. आणि उद्घाटनाला अध्यक्षांची नातवंडं बिबट्याच्या पिल्लाला बाटलीने दूध पाजताहेत असे फोटो.

आमच्याकडचं पिल्लू तेव्हा विलगीकरणात होतं. त्याच्याजवळ एकच किपर जायचा, तोही दूध पाजून लगेच बाहेर. माणसाला सरावलेला बिबट्या जंगलात सोडता येत नाही, त्याचा जन्म पिंजऱ्यातच जातो. मी मॅनेजरना फोन केला. ते म्हणाले, ‘मॅडम, दोन मिनिटांचा प्रश्न आहे, ॲडजस्ट करा ना. साहेबांच्या घरून आलंय.’ मी सांगितलं, पिल्लाला कोणाचाही हात लागणार नाही. त्यानंतर त्यांनी माझा फोन उचलला नाही. ठेकेदार रोज दारात उभा आणि हे गृहस्थ मीटिंगमध्ये. एवढे दिवस ‘मॅडम, तुमचं काम फार मोठं आहे’ म्हणणारा माणूस एका नकारानंतर ओळख दाखवेनासा झाला, याचा राग अजून गेलेला नाही.

मार्चअखेरीस एका ओळीचं उत्तर आलं: मंडळाचे प्राधान्यक्रम बदलले आहेत. तेव्हा आमच्या हिशेबनीसांनी कंपनीचं संकेतस्थळ उघडलं. सीएसआर समितीत कोण आहे, धोरण काय आणि संचालक मंडळाने कोणते प्रकल्प मंजूर केले, हे कंपनीला तिथे जाहीर करावं लागतं. त्या यादीत आम्ही नव्हतो. वर्षभरात तिच्यात काही दुरुस्तीही झालेली नव्हती. म्हणजे ज्या मंजुरीचा ईमेल आम्हाला आला, ती मंजुरी मंडळाने कधी दिलीच नव्हती. त्या नातवंडांना मी पिल्लू मांडीवर दिलं असतं, तरी आमच्यासाठी मंजूर पैसा तिथे नव्हताच. हे विश्वस्तांच्या सभेत मी कागदांसकट मांडलं, तरी ‘थोडं सांभाळून घ्यायला हवं होतं’ हेच ऐकावं लागलं.

प्राणिसंग्रहालयासाठी किंवा बचाव केंद्रासाठी जे निधी उभा करतात, त्यांनी मंडळाच्या ठरावाची प्रत हातात येईपर्यंत ठेकेदाराला एक रुपया देऊ नये. ठरावात संस्थेचं आणि प्रकल्पाचं नाव हवं. बांधकाम एका आर्थिक वर्षात संपणार नसेल, तर प्रकल्प ‘ऑनगोइंग’ म्हणून नोंदवला आहे का, ते बघा. तसा असेल तर न खर्चलेली रक्कम कंपनीला वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत वेगळ्या खात्यात टाकावी लागते आणि ती पुढच्या तीन आर्थिक वर्षांत तुमच्याच प्रकल्पावर वापरता येते. नसेल, तर उरलेली रक्कम सहा महिन्यांत कायद्याने ठरवलेल्या निधीत जाते. आराखड्याची मंजुरी आणि पावसाळा धरला तर आपलं कुठलंच बांधकाम एका मार्चमध्ये बसत नाही.

लोगोची मागणी आली की लेखी उत्तर द्या. स्वतःच्या मालाच्या जाहिरातीसाठी केलेलं प्रायोजकत्व सीएसआरमध्ये धरता येत नाही, आणि फक्त कर्मचाऱ्यांच्या फायद्याचा उपक्रमही नाही. २०२१ साली दुरुस्त झालेल्या नियमांत हे स्पष्ट आहे. देणगीदाराच्या नावाची एक साधी पाटी लावायला आमची कधीच हरकत नव्हती. त्याच नियमांनुसार उभी राहिलेली मालमत्ता कंपनीच्या नावावर राहू शकत नाही. आम्हाला पाठवलेल्या कराराच्या मसुद्यात मात्र नेमकं तेच कलम घातलेलं होतं.

पगाराचं तर प्रत्येक जण चुकीचं सांगतो. ‘पाच टक्क्यांच्या वर पगाराला देता येत नाही’ हे वाक्य मी कितीतरी केबिनमध्ये ऐकलंय. ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चाला आहे. प्रकल्प राबवण्याचा थेट खर्च त्यात मोडत नाही. तेव्हा पशुवैद्य, किपर, औषधं, म्हशीचं मांस, वीज हे सगळं प्रकल्पखर्च म्हणूनच अंदाजपत्रकात लिहा. पिंजरा बांधून द्यायला सगळे तयार असतात, पण आतल्या जनावराच्या रोजच्या मांसाचं बिल कोणालाच नको असतं.

बाकी नेहमीचंच: सीएसआर-१ नोंदणी, ८०जी, लेखापरीक्षण वेळेवर ठेवा, एकाच देणगीदारावर अवलंबून राहू नका. म्हैसूरच्या प्राणिसंग्रहालयासारखी दत्तक योजना चालवा. साधी माणसं मुलाच्या वाढदिवसाला पैसे देतात आणि फार तर प्रमाणपत्र मागतात.

त्या कंपनीचा नव्या वर्षात पुन्हा फोन आला. मॅनेजर तेच. प्रस्ताव पाठवा म्हणाले. विश्वस्तांचा आग्रह म्हणून पाठवला, सोबतच्या पत्रात दोन अटी घालून: मंडळाच्या ठरावाशिवाय काम सुरू होणार नाही, आणि कोणत्याही प्राण्याला पाहुण्यांचा हात लागणार नाही. पत्राची पोच आली आहे. उत्तर आलेलं नाही.