शाळेचे टपाल शाळेच्या नावे

शाळेचे दप्तर शाळेचे असते, शिक्षकाचे नसते. ग्रामीण शाळांच्या शिक्षकांना हा नियम नवीन नाही. मुख्याध्यापकाची बदली झाली म्हणजे जनरल रजिस्टर, आवक-जावक नोंदवही, जडवस्तुसंग्रह नोंदवही आणि शेरेबुक ही एकेक करून नव्या मुख्याध्यापकाच्या स्वाधीन केली जातात, यादीवर उभयतांच्या सह्या होतात, आणि मगच कार्यभार पूर्ण झाला असे मानण्यात येते. शाळेच्या कपाटाची किल्ली खिशात घालून कोणी मंडणगडाहून राजापुरास निघून जात नाही. परंतु आज शाळेचा पुष्कळसा पत्रव्यवहार ई-मेलने होतो, आणि त्या कपाटाची किल्ली मात्र अनेकदा एकाच व्यक्तीच्या खासगी मोबाइलमध्ये असते.

समजा, मुंबईस नोकरीला असलेल्या एका माजी विद्यार्थ्याला जन्मतारखेचा उतारा तातडीने हवा आहे. तो गावच्या शाळेच्या ई-मेल पत्त्यावर अर्ज पाठवितो. तो पत्ता ज्या मुख्याध्यापकांनी आपल्या मोबाइल क्रमांकावर उघडला होता ते सेवानिवृत्त झाले आहेत, आणि परवलीचा शब्द दुसऱ्या कोणास ठाऊक नाही. अर्ज पोहोचतो, पण कोणी वाचत नाही. मुलाखतीची तारीख निघून जाते. यात कोणाचाही दुष्ट हेतू नाही. दोष व्यवस्थेचा आहे. तो दूर करण्याचा मार्ग म्हणजे शाळेच्या किंवा केंद्राच्या स्वतःच्या नावाचे डोमेन घेऊन त्यावर ई-मेल खाती चालविणे. प्रस्तुत पाठात त्याची रीत क्रमाने दिली आहे.

१. पत्त्याची घडण

ई-मेल पत्त्याच्या मध्ये ‘ॲट’ हे चिन्ह असते. रे टॉमलिन्सन या अमेरिकन तंत्रज्ञाने १९७१ मध्ये ते प्रथम योजिले. चिन्हाच्या डावीकडे खात्याचे नाव व उजवीकडे डोमेनचे नाव येते. डोमेनची रचना आपल्या टपालाच्या पत्त्यासारखीच लहानाकडून मोठ्याकडे जाते. आपण जसे मु. पो., मग ता., मग जि. असे लिहितो, तसेच ‘रत्नागिरी डॉट जीओव्ही डॉट इन’ या जिल्ह्याच्या संकेतस्थळाच्या नावात आधी जिल्हा, मग शासन आणि शेवटी देश येतो. एकाच यादीत सर्व संगणकांची नावे ठेवणे अशक्य झाल्यावर पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये ही विभागणीची पद्धत सिद्ध केली. प्रत्येक पातळीने आपल्याखालच्या नावांची नोंद ठेवावी, हे तिचे तत्त्व होय. तलाठ्याने आपल्या सजाचे दप्तर ठेवावे, तसेच हे आहे.

खासगी कंपनीच्या मोफत खात्यात उजवीकडील नाव त्या कंपनीचे असते. स्वतःचे डोमेन घेतले म्हणजे उजवीकडील नाव आपले होते. टपाल सांभाळणारी कंपनी बदलली तरी पत्ता बदलत नाही. पत्रांच्या मथळ्यावर व फलकावर एकदा छापलेला पत्ता कायम राहतो, हाच या पद्धतीचा मुख्य लाभ आहे.

२. नाव घेणे

डोमेन विकत मिळत नाही. ते ठराविक मुदतीसाठी नोंदविले जाते. ‘डॉट इन’ नावाची नोंदणी एका वेळी १ ते १० वर्षांसाठी करता येते. ‘एसी डॉट इन’ आणि ‘एडीयू डॉट इन’ ही शिक्षणसंस्थांसाठी राखीव असून त्यांची नोंदणी ‘अर्नेट इंडिया’ ही संस्था करते व शाळेच्या मान्यतेचे कागद पाहते. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेचा ‘एमएए डॉट एसी डॉट इन’ हा पत्ता याच जातीचा आहे. ‘जीओव्ही डॉट इन’ शासकीय कार्यालयांसाठी असून त्याची व्यवस्था राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राकडे आहे. राखीव नावामुळे पत्र पाठविणाऱ्याची ओळख पटते. याच कारणास्तव रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘बँक डॉट इन’ या राखीव नावाखाली येण्यास सांगितले होते.

देवनागरीतील ‘डॉट भारत’ हे नाव २०१४ मध्ये खुले झाले. मराठी शाळेस ते शोभून दिसेल. तथापि देवनागरी पत्ता सर्वच सेवा अद्याप स्वीकारीत नाहीत, म्हणून ते जोडनाव म्हणून ठेवावे आणि मुख्य पत्ता रोमन लिपीत असावा.

द्विशिक्षकी शाळेने स्वतंत्र डोमेन घेण्यापेक्षा केंद्रातील सर्व शाळांनी गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या अनुमतीने मिळून एक डोमेन घ्यावे व त्यावर प्रत्येक शाळेस एक खाते द्यावे, हे खर्चाच्या व देखरेखीच्या दृष्टीने श्रेयस्कर होय.

नोंदणी करताना तीन गोष्टींविषयी दक्षता घ्यावी. पहिली, नोंदणी पदाच्या व कार्यालयाच्या नावे असावी. ज्याने अर्ज भरला त्याच्या खासगी नावे नसावी. दुसरी, नोंदणी संस्थेस कळविलेला संपर्काचा ई-मेल याच डोमेनवरचा नसावा; कारण मुदत संपून डोमेन बंद पडले तर त्याची सूचनाही बंद पडलेल्या पेटीतच जाईल. तिसरी, नूतनीकरणाची तारीख कार्यालयाच्या वार्षिक वेळापत्रकात लिहावी. मुदत चुकल्यावर काही दिवसांची सवलत मिळते. त्यानंतर ते नाव कोणीही परका घेऊ शकतो, आणि शाळेच्या नावे येणारी पत्रे त्याच्या हाती पडू शकतात.

३. टपालाचा मार्ग लावणे

नाव नोंदविणारी संस्था व टपाल सांभाळणारी संस्था या वेगळ्या असू शकतात. कोणत्या गावाचे टपाल कोणत्या डाकघरात उतरवावे, हे जसे आधी ठरवावे लागते, तसे डोमेनच्या नोंदीत ‘एमएक्स’ नावाची ओळ लिहून टपाल कोणत्या सर्व्हरकडे न्यावे ते सांगावे लागते. अशा ओळी एकाहून अधिक असल्यास प्रत्येकीस क्रमांक देतात. लहान क्रमांकाचा सर्व्हर प्रथम घेतला जातो. ही ओळ टपालसेवा देणारी संस्था तयार करून देते. ती अक्षरशः उतरवून घ्यावी. बदल सर्वत्र पोहोचण्यास काही तास, क्वचित दोन दिवसही लागतात. सेवा बदलावयाची असल्यास जुनी पेटी लगेच बंद करू नये. आठवडाभर दोन्हींकडे लक्ष ठेवावे.

४. शिक्का, सही आणि सूचना

शाळेच्या नावाने भलत्यानेच पत्र पाठवू नये, यासाठी नोंदीत आणखी तीन ओळी घालाव्या लागतात. ‘एसपीएफ’ ही ओळ या डोमेनची पत्रे कोणत्या सर्व्हरांनी पाठवावयाची ते जाहीर करते. एका डोमेनला ही ओळ एकच असावी; दोन लिहिल्यास दोन्ही निष्फळ ठरतात. ‘डीकेआयएम’ म्हणजे पत्रावरील सही होय. तिची गुप्त किल्ली टपालसेवेकडे असते आणि पडताळणीची किल्ली डोमेनच्या नोंदीत सर्वांना दिसते. वाटेत मजकूर बदलला तर सही जुळत नाही. ‘डीमार्क’ ही ओळ पडताळणीत न उतरलेल्या पत्राचे काय करावे, याची सूचना देते. प्रारंभी नुसती पाहणी ठेवावी. आपली सर्व पत्रे नीट उतरतात अशी खात्री झाली म्हणजे संशयित पत्रे वेगळ्या कप्प्यात टाकण्यास सांगावे. आणि शेवटी ती नाकारण्यास सांगावे.

हे काम ऐच्छिक समजू नये. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल व याहू यांनी पत्र पाठविणाऱ्यांवर अशा पडताळणीचे नियम लागू केले असून, दिवसाला ५,००० हून अधिक पत्रे पाठविणाऱ्यांना तिन्ही ओळी आवश्यक केल्या आहेत. केंद्राची पत्रे थोडी असली तरी या ओळी नसतील तर ती अनेकदा ‘स्पॅम’च्या कप्प्यात पडतात, आणि पालक म्हणतो की शाळेने कळविलेच नाही.

५. खाती कोणाच्या नावे

खाते व्यक्तीच्या नावे नसावे, पदाच्या वा शाळेच्या नावे असावे. एकाच नावाच्या वाड्या व ‘शाळा क्र. १’, ‘शाळा क्र. २’ असल्या जोड्या जिल्ह्यात असल्याने गावाच्या नावाने गोंधळ होण्याचा संभव असतो. यू-डायस क्रमांक मात्र प्रत्येक शाळेचा निराळा व ११ अंकी असतो. खात्याचे मूळ नाव त्यावरून ठेवावे आणि बोलण्यास सुलभ असे गावाचे नाव त्याच खात्यास उपनाम म्हणून जोडावे. उपनामास वेगळी पेटी लागत नाही, आणि शुल्क बहुधा खात्यांच्या संख्येवर आकारले जात असल्याने खर्चही वाढत नाही. ‘सर्व मुख्याध्यापक’ असा एक गट केल्यास केंद्रप्रमुखांचे एक पत्र सर्व शाळांस पोहोचते.

विद्यार्थ्यांची खाती सरसकट उघडू नयेत. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल विदा संरक्षण अधिनियमानुसार १८ वर्षांखालील व्यक्ती बालक समजली जाते, व तिच्या माहितीसाठी पालकाच्या संमतीचे तत्त्व त्यात आहे. मुलांचे आधार क्रमांक व बँक खात्यांचे क्रमांक असलेल्या याद्या गटास तर मुळीच पाठवू नयेत.

६. किल्ल्या सांभाळणे

डोमेनच्या व टपालाच्या व्यवस्थेचे अधिकार दोन पदांकडे असावेत. एक केंद्रप्रमुख व दुसरे गटशिक्षणाधिकारी कार्यालयातील जबाबदार कर्मचारी. परवलीचा शब्द लांब असावा. परस्परांशी संबंध नसलेले चार शब्द जोडल्यास तो ध्यानात राहतो व ओळखण्यास कठीण जातो. त्याखेरीज मोबाइलवर येणाऱ्या दुसऱ्या खुणेची पडताळणी चालू ठेवावी. पण येथेच पहिली अडचण पुन्हा उद्भवते. मोबाइल ज्याचा, किल्ली त्याची. म्हणून पडताळणी सुरू करताना मिळणारे आपत्कालीन सांकेतांक कागदावर छापून, लिफाफ्यात मोहोरबंद करून कार्यालयाच्या कपाटात ठेवावेत व त्याची नोंद दप्तरात करावी.

कार्यभाराच्या यादीत पुढील बाबी यापुढे समाविष्ट असाव्यात: खात्याचे नाव, नव्या मुख्याध्यापकाने स्वतः बदललेला परवलीचा शब्द, जुन्या मोबाइल क्रमांकाचे उच्चाटन व नव्याची नोंद, अनुत्तरित पत्रांची यादी. बदलीनंतर खाते कधीही पुसून टाकू नये. पुसलेल्या खात्याबरोबर जुनी पत्रेही जातात.

७. कोकणातील पावसाळा

दुर्गम वाडीतील शिक्षकास शंका येईल की, वीज व नेटवर्क आठ-आठ दिवस नसल्यास पत्रे हरवतील काय? हरवत नाहीत. पेटी शाळेत नसून टपालसेवेच्या सर्व्हरवर असते. शाळेतील संगणक बंद असला तरी पत्र तेथे थांबते. तो सर्व्हरच क्षणिक बंद पडला, तर पाठविणारा सर्व्हर साधारणतः चार-पाच दिवस पुनःपुन्हा प्रयत्न करतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने दापोली व मंडणगड तालुक्यांत मोठी हानी केली, आणि २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण शहर पाण्याखाली गेले. अशा वेळी भिजलेला कागद परत मिळत नाही. दूरस्थ पेटीतील पत्र मिळते.

मात्र त्यासाठी संगणकावर वा मोबाइलवर पेटी ‘आयमॅप’ पद्धतीने जोडावी. या पद्धतीत मूळ पत्र सर्व्हरवरच राहते. ‘पॉप’ या जुन्या पद्धतीत ते बहुधा संगणकावर उतरून सर्व्हरवरून पुसले जाते, आणि संगणक बिघडला की पत्रेही जातात. शिवाय दर वर्षी उन्हाळी सुटीपूर्वी सर्व पत्रांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ठेवावी. सर्व्हर परक्याचा आहे, याचा विसर पडू नये.

८. शिक्षण परिषदेसाठी स्वाध्याय

केंद्राच्या पुढील शिक्षण परिषदेत प्रत्येक मुख्याध्यापकाने या प्रश्नांची उत्तरे लिहून आणावीत.

(१) शाळेच्या सध्याच्या ई-मेलचा परवलीचा शब्द किती जणांस ठाऊक आहे?
(२) त्या खात्यास कोणाचा मोबाइल क्रमांक जोडलेला आहे?
(३) ती व्यक्ती उद्या बदलून गेली तर खाते उघडता येईल काय?
(४) गेल्या महिन्यात आलेल्या किती पत्रांची आवक नोंदवहीत नोंद झाली?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आल्यास डोमेन मिळेपर्यंत थांबू नये. त्याच दिवशी दुसऱ्या पदाचा क्रमांक खात्यास जोडावा व सांकेतांकांचा लिफाफा तयार करावा. डोमेनचे काम त्यानंतर सावकाश झाले तरी चालेल.

चौथीच्या वर्गात पत्रलेखन शिकविताना मु. पो., ता., जि. यांच्या शेजारी ई-मेलचा पत्ता फळ्यावर लिहावा, आणि दोहोंत काय सारखे आहे ते मुलांनाच शोधू द्यावे. याच मुलांपैकी कोणी वीस वर्षांनी दाखल्यासाठी मुंबईहून शाळेस पत्र लिहील. ते उघडून वाचणारा कोणी तेव्हा शाळेत असावा, एवढ्यासाठी ही सारी खटपट आहे.