वळीवर वळी

मुंबईहून निघून पनवेल मागे टाकले, की पळस्पे लागते. येथे रस्त्याला दोन फाटे फुटतात. एक घाटाच्या दिशेने पुण्याकडे जातो. दुसरा कर्नाळ्याच्या पायथ्याने पेणकडे व तेथून पुढे गोव्याकडे जातो. कर्नाळ्याचा सुळका दुरून पाहिला, तर कोणी तरी मुठीतून अंगठा वर काढून दाखवावा तसा दिसतो. अहोरात्र धावणाऱ्या अवजड गाड्यांच्या गर्दीतही तो अंगठा सहसा नजरेआड होत नाही. या परिसरातील एका शाळेत मी काही वर्षे मुख्याध्यापक होतो. तेथे मुलांबरोबर मीही एक धडा शिकलो. तो पुस्तकातला नव्हता. तो मातीचा होता.

मुलांनो, मातीच्या भांड्यांवाचून आपले एकही वर्ष सरत नाही. दिवाळीत पणती, संक्रांतीला सुगड, नवरात्रात घट आणि उन्हाळ्यात माठ. ही भांडी कुंभाराच्या चाकावर घडतात, हे तुम्ही जाणताच. परंतु चाक नसतानाही भांडे घडवता येते. मातीच्या लांबट वळ्या करावयाच्या आणि वळीवर वळी रचीत भिंत उभारावयाची, ही ती रीत. ती फार प्राचीन आहे. जपानात दहा हजार वर्षांपूर्वीच लोक अशी भांडी करू लागले होते. अमेरिकेतील प्वेब्लो लोक आणि आपल्याच निकोबार बेटांपैकी चौरा बेटावरील स्त्रिया चाकाशिवाय, वळ्या रचूनच भांडी घडवीत आल्या आहेत.

आपल्या महाराष्ट्रातही हाताच्या कौशल्याची साक्ष जमिनीखाली सापडली आहे. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव नावाचे गाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी 1968 ते 1983 या काळात तेथे उत्खनन केले. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीत, पाच खोल्यांच्या एका घराच्या अंगणात, त्यांना मातीचा एक मोठा रांजण मिळाला. त्या काळच्या लोकांनी आपल्या एका मृत माणसाला मांडी घालून बसवावे तसे त्यात ठेवले होते. रांजणाला चार पाय होते. आता तुम्हीच विचार करा. चाकावर फिरणारी वस्तू सर्व बाजूंनी गोल होते. तिला पाय कसे फुटणार? ते हातानेच लावावे लागतात. आपल्या माणसाच्या अखेरच्या विसाव्यासाठी ज्या हातांनी ते पाय जोडले, त्यांनी ते काम किती जपून केले असेल!

एका वर्षी माघ महिन्यात मी सातवीच्या मुलांपुढे हा विषय काढला. गांधीजींच्या अध्यक्षतेखाली 1937 साली वर्ध्याला जी शिक्षण परिषद भरली, तिने हस्तोद्योगातून शिक्षण द्यावे असा विचार मांडला होता. तो मी वर्गात अनेकदा सांगितला होता. पण मुलांच्या हातांना माती लागली नव्हती. मग आम्ही कामाला लागलो. मुलांनी भातखाचराच्या बांधालगतची चिकण माती आणली, वाळवली, कुटली, चाळली आणि पाण्यात भिजत घातली. दोन दिवसांनी ती पायांनी तुडवली व हातांनी मळली. नुसत्या चिकण मातीचे भांडे वाळताना फार आकसते. म्हणून तिच्यात थोडी बारीक वाळू व चाळलेली राख मिसळली.

आमची कृती अशी होती. प्रथम मूठभर माती घेऊन तिची तळहाताएवढी, बोटभर जाडीची चकती थापावी. हा भांड्याचा तळ. तो गोणपाटाच्या तुकड्यावर ठेवावा, म्हणजे फळीला चिकटत नाही. नंतर मातीचा गोळा फळीवर दोन्ही हातांनी हळूहळू पुढे-मागे लोळवावा. करंगळीएवढी जाड, एकसारखी वळी तयार होते. तळाच्या कडेवर काडीने ओरखडे काढावेत, त्यांवर पातळ चिखलाचे बोट फिरवावे आणि वळी गोलाकार बसवावी. मग आतून अंगठ्याने व बाहेरून बोटांनी वळीची माती खाली ओढून सांधा पुरता बुजवावा. त्यावर दुसरी वळी, तिच्यावर तिसरी. भांडे रुंद व्हावे असे वाटले, तर नवी वळी खालच्या वळीपेक्षा किंचित बाहेर बसवावी. अरुंद करावयाचे असेल, तर किंचित आत. तीन-चार वळ्या झाल्या, की थांबावे. खालची भिंत थोडी घट्ट होऊ द्यावी. नाही तर ती वरच्या भाराने खचते.

हे थांबणेच मुलांना सर्वांत कठीण गेले. काहींनी एका दमात दहा वळ्या चढवल्या आणि त्यांची भांडी उन्हातल्या मेणासारखी वाकली. काहींनी सांधे नीट बुजवले नाहीत. एक मुलगी मात्र सर्वांच्या मागे होती. ती प्रत्येक वळीला ओरखडे काढी, चिखल लावी, अंगठ्याने माती ओढी व ओलसर फडके झाकून उद्याची वाट पाही. "अगं, तुझे भांडे पुढच्या वर्षी होणार काय?" असे मुले तिला विचारीत. मीही एकदा हसलो. ते हसणे मला पुढे बोचले.

शनिवारी शाळेत प्रदर्शन भरावयाचे होते. गुरुवारी दुपारी पाहतो, तो भांडी अजून ओलीच! पाहुणे येणार, पालक येणार, आणि टेबलावर मांडावयाचे काय? मी मुलांना म्हणालो, "सगळी भांडी अंगणात उन्हात ठेवा. संध्याकाळपर्यंत वाळतील." मुलांनी ती आनंदाने बाहेर नेली. ती मुलगी तेवढी घुटमळली. "गुरुजी, माझे अर्धेच झाले आहे. ते आत राहू दे?" मी म्हणालो, "राहू दे तर."

सायंकाळी आम्ही अंगणात गेलो आणि सारेच स्तब्ध झालो. एकेका भांड्याला उभी चीर गेली होती. कित्येकांच्या वळ्या सांध्यावर सुटल्या होत्या. एक मुलगा आपल्या भांड्याच्या दोन फाका हातांत घेऊन उभा होता. तो रडला नाही. पण माझ्याकडे त्याने ज्या नजरेने पाहिले, ती मी विसरलो नाही. चूक त्याची नव्हती. त्याने माझे ऐकले होते.

दुसऱ्या दिवशी मी मुलांना घेऊन एका वृद्ध कुंभारणीकडे गेलो. तिने चिरलेले एक भांडे उचलले, उलटसुलट पाहिले आणि विचारले, "उन्हात ठेवलं होतं ना?"

"होय, मावशी. मीच ठेवायला सांगितले," मी म्हणालो.

मुलांसमोर हे वाक्य उच्चारताना जीभ जड झाली. पण ते उच्चारल्यावर मन हलके झाले.

म्हातारी समजावून सांगू लागली. ओल्या मातीच्या कणाकणांत पाणी असते. ते उडून गेले, की कण जवळ येतात व भांडे आकसते. सावलीत ते सगळीकडून सावकाश आकसते. उन्हात मात्र उन्हाकडची बाजू आधी वाळून आखडू लागते; मागची बाजू व तळ ओलेच राहतात. एक बाजू ओढते, दुसरी हलत नाही. मग त्या ओढाताणीत भांडे चिरते.

तो मुलगा फाका पुढे करून म्हणाला, "आजी, आता हे टाकूनच द्यायचे ना?"

"टाकायचं कशाला, बाळा? अजून भाजलं कुठं आहे? भिजत घाल. मातीची माती होईल. पुन्हा मळ आणि पुन्हा कर. एकदा आव्यातून निघालं, म्हणजे मात्र फुटलं ते फुटलं."

तिच्या बोलण्यात खरे शास्त्र होते. कच्चे भांडे पाण्यात टाकले, की विरघळून पुन्हा चिखल होतो. परंतु आव्यातील उष्णता सुमारे 600 अंश सेल्सिअसपर्यंत गेली, की मातीच्या कणांत बांधले गेलेले पाणीही निघून जाते व तिचे रूपच पालटते. मग तिला वर्षभर पाण्यात ठेवले, तरी तिचा चिखल होत नाही. म्हणूनच हजारो वर्षांपूर्वीची खापरे आजही जमिनीत जशीच्या तशी सापडतात.

शनिवारच्या प्रदर्शनात आम्ही फुटलेली भांडीच मांडली. शेजारी एका फळ्यावर, ती का फुटली याचे कारण लिहिले. पहिले वाक्य मी स्वतः लिहिले : 'मुख्याध्यापकांनी घाई केली.' पाहुण्यांनी ते वाचले आणि मुलांना इतके प्रश्न विचारले, की सुबक भांडी पाहून त्यांनी ते कधीच विचारले नसते.

सोमवारी साऱ्या फाका बादलीत भिजल्या. मुलांनी पुन्हा माती मळली आणि वळ्या केल्या. या वेळी कोणी घाई केली नाही. मागे राहिलेली ती मुलगी आता सर्वांना सांधे बुजवावयास शिकवीत होती. भांडी दहा दिवस सावलीत वाळली. मग म्हातारीने आपल्या देखरेखीखाली आवा रचला. खाली शेणी, त्यांवर भांडी, भोवती पुन्हा शेणी व भाताचा पेंढा, आणि वरून राखेचा थर. प्रथम धग मंद ठेवली. कारण भांड्यात थोडीशी ओल उरली आणि आच एकदम वाढली, तर त्या पाण्याची वाफ होऊन भांडे फुटते. आवा थंड झाल्यावर दुसऱ्या दिवशी तिने राख बाजूला सारली. भांडी तांबडी निघाली होती. मातीतील लोहाला हवा मिळाली, की असा रंग येतो. जेथे धूर कोंडला होता, तेथे काळे डाग पडले होते. दोन भांडी तडकली. बाकीची खणखणीत वाजली.

तेरचे संत गोरा कुंभार यांची कथा तुम्ही ऐकली असेल. संतांच्या मेळाव्यात त्यांनी थापटण्याने एकेकाचे मस्तक ठोकून पाहिले व नामदेवांचे मडके कच्चे ठरवले, असे सांगतात. कच्चे म्हटल्यावर आपल्याला राग येतो. नामदेवांनाही वाईट वाटले. पण त्यांनी पुढे गुरू केला आणि ते शिकले. त्या म्हातारीचे बोलणे ऐकल्यापासून मला 'कच्चे' हा शब्द उणा वाटेनासा झाला आहे. जे कच्चे आहे, ते अजून भिजवता येते, मळता येते, नव्याने घडवता येते. तुमचे वय तसे आहे. आणि खरे सांगू? आपली चूक मोकळेपणाने मान्य केली, की माझ्यासारख्या पिकल्या केसांच्या माणसालाही थोडे नव्याने घडता येते.

त्या मुलीचे भांडे आम्ही शाळेच्या अंगणात, झाडाखाली ठेवले. ते किंचित वाकडे होते आणि अंगावर तिच्या अंगठ्याचे ठसे स्पष्ट उमटले होते. चैत्र-वैशाखात मुले पाळीपाळीने त्यात पाणी भरीत, आणि पाखरे त्याच्या काठावर बसून पाणी पीत. ती काठावरची वळी बसवण्यासाठी ती मुलगी एक पूर्ण दिवस थांबली होती.

शब्दार्थ
वळी – मातीची लांबट, गोल गुंडाळी.
आवा – कुंभाराची भांडी भाजण्याची भट्टी.
शेणी – गोवरी.
थापटणे – ओले मडके ठोकून आकार देण्याचे लाकडी साधन.
खापर – मातीच्या भांड्याचा तुकडा.
उणा – कमीपणाचा.

स्वाध्याय
1. इनामगावचा रांजण हाताने घडवला असावा, असे लेखक कशावरून म्हणतात?
2. उन्हात ठेवलेली भांडी का चिरली, ते आपल्या शब्दांत सांगा.
3. 'मुख्याध्यापकांनी घाई केली' हे वाक्य फळ्यावर लिहिल्याने काय साधले?
4. कच्चे भांडे व भाजलेले भांडे यांतील फरक पाच-सहा ओळींत लिहा.
5. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : घुटमळणे, स्तब्ध होणे, आकसणे, नजरेआड होणे.

उपक्रम
ओल्या मातीची बरोबर 10 सेंटिमीटर लांबीची वळी करा. ती सावलीत वाळवा व रोज मोजून वहीत नोंद करा. आठवड्यानंतर ती किती आखूड झाली, ते पाहा. नंतर तीच वळी पाण्यात भिजत घाला आणि काय होते, ते वर्गात सांगा. आवा पेटवण्याचे काम मात्र जाणत्या माणसांवाचून कधीही करू नका.