दुसऱ्याचे मेसेज दाखवतो म्हणणारा आपला खिसा बघतो

या पानावर आपण ताप, साखर, रक्तदाब, बाळंतिणीचा आहार यांविषयी वाचतो. या वेळचा विषय वेगळा वाटेल. पण झोप उडवणारा, भूक मारणारा आणि कधी घरात मारहाणीपर्यंत नेणारा त्रास मोबाइलमधून येत असेल, तर तोही आरोग्याचाच विषय आहे.

जाहिरात साधी असते. ‘कोणाचेही प्रायव्हेट इन्स्टाग्राम अकाउंट उघडून बघा.’ ‘फक्त नंबर टाका, व्हॉट्सॲपचे सगळे चॅट वाचा.’ ‘तुमचे प्रोफाइल गुपचूप कोण बघते ते ओळखा.’ रील बघताना ती मध्येच येते, टेलिग्रामवर असते, गूगलवर शोधले तरी सापडते. ज्यांच्या मनाला काही टोचत नाही ते हसून पुढे जातात. जाहिरात त्यांच्यासाठी नसतेच. ती असते शिकायला बाहेरगावी गेलेल्या मुलीच्या काळजीने जागणाऱ्या आईसाठी, बायकोच्या फोनकडे संशयाने बघणाऱ्या नवऱ्यासाठी, नवरा रात्री कोणाशी बोलतो या विचाराने खंगत चाललेल्या बाईसाठी. फोटो पसरवण्याची धमकी मिळालेल्या मुलीसाठीही असते. त्या पोराच्या अकाउंटमध्ये शिरून फोटो पुसता आले तर सुटले, असे तिला वाटत असते. दुखऱ्या जागेवर बरोबर बोट ठेवले जाते.

आता मूळ प्रश्न. असे खरोखर बघता येते का?

व्हॉट्सॲपचे मेसेज २०१६ पासून कुलूपबंद होऊन जातात. किल्ली पाठवणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या फोनमध्येच असते, वाटेत कंपनीलाही तो मेसेज वाचता येत नाही. इन्स्टाग्रामवर अकाउंट प्रायव्हेट केले की त्या व्यक्तीने ज्यांना होकार दिला त्यांनाच तिचे फोटो दिसतात. आपले प्रोफाइल कोणी पाहिले हे फेसबुक सांगत नाही आणि बाहेरचे कोणते ॲपही सांगू शकत नाही, असे कंपनीनेच लिहून ठेवले आहे. बरे, एखाद्याला खरेच आत शिरण्याची फट सापडली असे समजू. अशी फट दाखवून देणाऱ्याला या कंपन्या स्वतःच मोठे बक्षीस देतात. तो माणूस आपल्या १९९ रुपयांसाठी गिऱ्हाईक शोधत कशाला बसेल?

मग त्या पानावर जे दिसते ते काय असते? आपण समोरच्या व्यक्तीचे नाव टाकतो. लगेच तिचा फोटो येतो आणि आपला विश्वास बसतो. तो छोटा फोटो प्रायव्हेट अकाउंटचाही सगळ्यांना दिसतो, त्यात विशेष काही नाही. नंतर एक पट्टी सरकू लागते: सर्व्हरशी जोडत आहे, मेसेज सापडले ३४७, लपवलेले फोटो ८९. खाली धूसर चौकोन दिसतात. हे आकडे कुठून आलेले नसतात, पान बनवतानाच तसे लिहून ठेवलेले असते. जगात नसलेले नाव टाकले तरी पट्टी तशीच सरकते आणि मेसेज तसेच ‘सापडतात’. पण ज्याचे मन संशयाने भरले आहे त्याला ३४७ हा आकडा पुराव्यासारखा वाटतो. काहीही न वाचता तो घरी जाऊन भांडण काढतो. पैसे जाण्याआधीच झालेले हे नुकसान मोजायला कोणी येत नाही, आणि मला ते सगळ्यात वाईट वाटते.

पुढचे रस्ते वेगवेगळे. कुठे ‘तुम्ही माणूस आहात याची खात्री करा’ म्हणून चार ॲप उतरवायला आणि फॉर्म भरायला लावतात. त्या प्रत्येक ॲपमागे त्यांना दलाली मिळते आणि आपला नंबर पुढच्या ठगांकडे जातो. कुठे आधी १९९ मागतात, मग जीएसटी, मग ‘परत मिळणारे डिपॉझिट’. दिलेले पैसे वाया जाऊ नयेत म्हणून माणूस आणखी देत राहतो. एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाने पाठ करावी: यूपीआयचा पिन पैसे मिळण्यासाठी कधीच लागत नाही. पैसे मिळण्यासाठी पिन टाका म्हणणारा चोर आहे.

कुठे इन्स्टाग्रामसारखेच दिसणारे पान उघडते आणि ‘आधी लॉगिन करा’ म्हणते. तिथे टाकलेला पासवर्ड थेट त्यांच्या हातात पडतो. २०१५ साली ‘इन्स्टाएजंट’ नावाचे ॲप हेच करत होते. तुमचे प्रोफाइल कोण बघते ते दाखवतो, असा त्याचा दावा. ब्रिटन आणि कॅनडात ते फुकट ॲपच्या यादीत सगळ्यात वर पोहोचले होते. मग एका जर्मन प्रोग्रामरने तपासले, तेव्हा ते लोकांची नावे आणि पासवर्ड गुपचूप दुसऱ्याच सर्व्हरवर पाठवत असल्याचे निघाले. ॲपल आणि गूगल, दोघांनीही ते काढून टाकले. म्हणजे प्ले स्टोअरवर आहे, लाखो लोकांनी घेतले आहे, एवढ्यावर भरवसा ठेवू नये. आणि जी फाइल व्हॉट्सॲपवर किंवा टेलिग्रामवर पाठवतात, जिच्या नावाच्या शेवटी एपीके असते, ती तर उघडूच नये. असे ॲप एसएमएस वाचण्याची आणि स्क्रीन बघण्याची परवानगी मागते. ती दिली की बँकेचा ओटीपी आपल्याआधी ते वाचते.

आणखी एक प्रकार आपल्या वस्त्यांना जास्त महागात पडू शकतो. पान म्हणते, ‘तुमचा व्हॉट्सॲप नंबर द्या, आम्ही देतो तो आठ अक्षरांचा कोड तुमच्या व्हॉट्सॲपमध्ये टाका, म्हणजे समोरच्याचे चॅट जोडले जाईल.’ जोडले जाते ते आपलेच व्हॉट्सॲप, चोराच्या मशीनला. आपला फोन नेहमीसारखा चालू राहतो, म्हणून शंकाही येत नाही. तिकडे तो आपले सगळे वाचत असतो. आपण जयंती समितीच्या ग्रुपमध्ये असतो, बचत गटाच्या ग्रुपमध्ये असतो, भावकीच्या ग्रुपमध्ये असतो. एक दिवस आपल्याच नावाने मेसेज जातो, ‘दादा, दवाखान्यात आहे, पाच हजार पाठव, उद्या देतो.’ नाव ओळखीचे, नंबर ओळखीचा, बचत गटातली ताई पाठवून मोकळी होते. असा मेसेज आला तर आधी फोन करून आवाज ऐकावा. आणि आज घरी गेल्यावर व्हॉट्सॲपमध्ये ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ उघडून बघावे. तिथे अनोळखी मशीन दिसले तर त्यावर बोट ठेवून लॉग आउट करावे. दोन मिनिटांचे काम आहे. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये, ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’मध्ये सहा आकडी पिन लावून घ्यावा.

खरी हेरगिरी करणारी ॲपही असतात, हे लपवण्यात अर्थ नाही. पण ती टाकायला सहसा त्या व्यक्तीचा फोन उघडून हातात घ्यावा लागतो. दूर बसून नंबर टाकला आणि झाले, असे नसते. शिवाय त्यातली माहिती चोरणाऱ्याकडेही सुरक्षित राहत नाही. ‘लेटमीस्पाय’ नावाच्या पोलंडमधल्या अशा ॲपवर २०२३ मध्ये दुसऱ्याच हॅकरने डल्ला मारला. ज्यांच्यावर पाळत होती त्यांचे मेसेज आणि ठिकाणे बाहेर गेली आणि ॲप बंद पडले. बायकोच्या फोनमध्ये असे काही टाकणारा नवरा तिची माहिती अनोळखी माणसांच्या हवाली करत असतो.

कायद्याचेही ऐकून ठेवा. सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा संविधानाने दिलेला मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. दुसऱ्याच्या अकाउंटमध्ये परवानगीशिवाय शिरणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा २००० खाली गुन्हा आहे, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. २०१८ साली ठाणे पोलिसांनी लोकांच्या फोन कॉलच्या नोंदी बेकायदा विकणारी टोळी पकडली, तेव्हा त्यात खासगी गुप्तहेरही अडकले.

याच भीतीचा वापर ठग करतो. पैसे घेतल्यावर ‘हॅकर भाऊ’ म्हणतो, ‘तू बायकोचे अकाउंट फोडायला सांगितलेस, त्याचे स्क्रीनशॉट माझ्याकडे आहेत. दहा हजार दे, नाहीतर तिला आणि पोलिसांना पाठवतो.’ माणूस गप्प बसतो. चोरी झाली तर आपण ओरडतो, पण इथे आपणच चोरून बघायला गेलो होतो, मग सांगणार कोणत्या तोंडाने? रात्री झोप नाही, छातीत धडधड, कामावर लक्ष नाही, उधारी वाढत जाते. घरच्यांना वाटते अंगात कणकण असेल. घरात कोणी असे अचानक बदलले आणि फोन वाजला की दचकू लागले, तर आधी शेजारी बसून विचारावे, ‘पैशाचे काही झाले का? झाले असेल तर सांग, मी ओरडणार नाही.’ आणि खरेच ओरडू नये.

पैसे गेले असतील तर लगेच १९३० या नंबरवर फोन करावा. पहिले काही तास महत्त्वाचे असतात. तक्रार नोंदली की बँकांना कळवले जाते आणि चोराने काढून घेण्याआधी रक्कम वाटेतच अडवता येऊ शकते. सोबत आपल्या बँकेलाही कळवावे. चॅट, यूपीआयचा व्यवहार क्रमांक, त्यांचा नंबर यांचे स्क्रीनशॉट ठेवावेत, रागाने किंवा लाजेने काही पुसू नये. पासवर्ड टाकला असेल तर तो बदलावा, तोच पासवर्ड दुसरीकडे वापरला असेल तर तिथेही. ब्लॅकमेल करणाऱ्याला एक रुपयाही देऊ नये, एकदा दिला की मागणी थांबत नाही. ‘गेलेले पैसे परत मिळवून देतो’ म्हणणारा जो नंतर भेटतो, तो त्याच धंद्यातला दुसरा माणूस असतो.

फोटोची धमकी मिळालेल्या मुलीला हॅकरची गरज नाही. १८ वर्षांवरील कोणालाही ‘स्टॉप एनसीआयआय’ या मोफत सेवेची मदत घेता येते. तिथे फोटो पाठवावा लागत नाही. फोनमध्येच फोटोची एक सांकेतिक खूण तयार होते, फक्त ती जाते, आणि तिच्यावरून फेसबुक, इन्स्टाग्रामसारख्या कंपन्या तो फोटो अडवतात. मुलगी लहान असेल तर १०९८ ला फोन करावा आणि घरच्यांनी तिच्यासोबत पोलिसांत जावे. ‘तू पाठवलासच कशाला’ हा प्रश्न निदान त्या दिवशी नको.

आणि वसतिगृहातल्या मुलीची काळजी करणाऱ्या आईने काय करावे? तिने मुलीला सरळ फोन करावा. ‘बाळा, तुझा फोन मला बघायचा नाही. पण काही दिवस तुझा आवाज बरा वाटत नाही, म्हणून मला झोप येत नाही.’ मुलगी पहिल्या फोनला ‘काही नाही गं आई’ म्हणेल. चार दिवसांनी पुन्हा करावा. काळजीने स्वतःचीच तब्येत ढासळत असेल, जीव नको वाटत असेल, तर १४४१६ हा टेलीमानसचा नंबर आहे. फोन मोफत आहे, रात्री-अपरात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येते.